तेलाचा ऐन

चपला काढू नका, हा देव नव्हे. ऐनाचं झाड आहे. गुडघ्यापासून माणसाच्या उंचीपर्यंत साल कशी काळी, गुळगुळीत झालीय बघा. हात लावलात तर चार दिवस वास जाणार नाही. करंजाचं तेल आहे ते. आणि खोटं कशाला बोलू, रैजीच्या वेळचं झाड हे नव्हे. ते वादळात पडलं, हे त्याच्या शेजारचं.

रैजी आमच्याच कुसुमटोल्याची. असं सांगतात, की एका चैत्रात तिचा नवरा पहाटे मोहफुलं वेचायला गेला आणि फाटक्या कानाच्या एका अस्वलानं त्याला मारलं. घरात वर्षाची पोर. रैजीनं गावासमोर शपथ घेतली, त्या अस्वलावर पहिली कुऱ्हाड माझी.

वैशाखात ते इथंच सापडलं. अंगावर केस म्हणून नव्हता. खरजेनं कातडी पार सोललेली. लोकांना वाटलं भूतच. रैजीनं कान ओळखला. माणसं दिसली तरी ते पळालं नाही, रक्त येईस्तोवर पाठ सालीवर घासत राहिलं. आमचे शूरवीर म्हणे वीस पावलांवरच थांबले होते.

रैजीनं कुऱ्हाड उचलली आणि तशीच धरून राहिली. तिच्या पोरीलाही खरूज होती. झोपेत ओरबाडू नये म्हणून ती पोरीचे हात फडक्यानं बांधायची. तीच तडफड तिच्यासमोर होती. तिनं कुऱ्हाड खाली ठेवली.

"ह्याले का मारू? हे त आपल्याच नखांनी मरून रायलं. बरं होऊ द्या, मंग मारीन."

पोरीसाठी काढलेलं करंजाचं तेल घरात होतं. अस्वल गेल्यावर त्यातलं अर्धं आणून तिनं सालीला चोपडलं. अस्वलाला कोण हात लावणार? ते पाठ घासायला येईल तेव्हा आपसूक लागेल. ज्यानं नवऱ्याला मारलं त्याचीच सेवा करते, म्हणून लोकांनी नावं ठेवली. ती तिसऱ्या दिवशी पुन्हा तेल घेऊन आली, आणि येतच राहिली. पावसाळा सरता सरता पोरीचं अंग निवळलं, अस्वलाच्या पाठीवरही काळे केस आले.

मग गावानं तिच्या हातात कुऱ्हाड दिली. "बरं झालं का वो?"

ती झाडापाशी जाऊन आली. "नाई जी. आजून खाजवते."

पुढं दर वैशाखात गाव विचारायचं आणि ती हेच सांगायची. अस्वल चांगलं धडधाकट हिंडताना सगळ्यांना दिसत होतं. पण शपथ मोडली असं कुणाला म्हणता आलं नाही.

आजही नव्या करंजाचं पहिलं तेल ह्या झाडाला लागतं. ज्या वर्षी अस्वल माणूस मारतं, त्या वर्षी मेलेल्याच्या घरच्या माणसानं ते लावायचं, आणि गावानं त्याला तोच प्रश्न विचारायचा.

यंदा तेल मी लावलं. माझी बायको गेली, चैत्रातच, मोहाखाली. गावानं विचारलं तेव्हा कुऱ्हाड माझ्या पायाशी होती. मी तेलाचा हात सालीवरून पुन्हा एकदा फिरवला. कुणी घाई केली नाही.

मग म्हणालो, "नाई जी. आजून खाजवते."