निळी हलेना, लाल बसू देईना

एक होती चिचुंद्री. डोळे इवले इवले, नाक मात्र लांबच लांब. राहायची धोंडूमिस्त्रीच्या सुतारखान्यात, भिंतीतल्या बिळात. बिळात होतं तिचं एकुलतं एक बाळ.

एकदा चिचुंद्री गेली किडा आणायला. इकडे मिस्त्रीनं काय केलं? हत्यारांच्या दोन पेट्या घेतल्या. लाल पेटी एका दुकानातली, निळी पेटी दुसऱ्या दुकानातली. लालवर निळी ठेवली.

डुग डुग, डुग डुग, धबाक!

निळी पडली. पडली ती नेमकी बिळाच्या तोंडाशी. बाळाचं दार बंद.

चिचुंद्री आली. बघते तर काय, बाळ आत, आई बाहेर. आतून बाळ रडतंय, चीं चीं. चिचुंद्रीचा जीव खालीवर झाला.

"निळे पेटी, निळे पेटी, बाळ आत, मी बाहेर. तू हल ना."

निळी म्हणाली, "मी कशी हलू? लालवर चढले की पडते. लालनं नीट बसू दिलं, तर हलेन."

चिचुंद्रीला काही कळेना. नाक वळवलं इकडे, नाक वळवलं तिकडे. निघाली चुटूचुटू, चुटूचुटू.

"लाल पेटी, लाल पेटी, बाळ आत, मी बाहेर. निळी हलेना. तू बसू दे ना."

लाल म्हणाली, "कशी बसू देऊ? तिचे पाय एकमेकांपासून लांब लांब. माझ्या खाचा जवळ जवळ. फळी मध्ये आली, तर बसू देईन."

आता ही फळी कुठून आली? चिचुंद्रीला काही कळेना. नाक वळवलं इकडे, नाक वळवलं तिकडे. निघाली चुटूचुटू, चुटूचुटू.

"फळी फळी, बाळ आत, मी बाहेर. निळी हलेना. लाल बसू देईना. तू मध्ये ये ना."

फळी म्हणाली, "मी ही अशी लांबलचक. मावू कुठे? करवतीनं कापलं, तर येईन."

बाई बाई, कापलं तर येईन म्हणते! चिचुंद्रीला काही कळेना. नाक वळवलं इकडे, नाक वळवलं तिकडे. निघाली चुटूचुटू, चुटूचुटू.

"करवती करवती, बाळ आत, मी बाहेर. निळी हलेना. लाल बसू देईना. फळी येईना. तू काप ना."

करवत म्हणाली, "मला दात आहेत, हात नाहीत. मिस्त्रीनं धरलं, तर कापीन."

चिचुंद्री निघाली चुटूचुटू, चुटूचुटू.

मिस्त्री काय करत होता? काहीतरी शोधत होता. भुशात शोधलं. डब्यात शोधलं. चहाच्या कपातही शोधलं.

"मिस्त्रीकाका, मिस्त्रीकाका, बाळ आत, मी बाहेर. निळी हलेना. लाल बसू देईना. फळी येईना. करवत कापेना. तुम्ही धरा ना."

मिस्त्री म्हणाला, "अगं बये, खूण केल्याशिवाय कापू कसं? सकाळपासून माझी पेन्सिल सापडत नाही बघ."

आता मात्र चिचुंद्री पुरती गोंधळली. खाली बसली आणि रडू लागली.

"बाळ आत, मी बाहेर. निळी हलेना. लाल बसू देईना. फळी येईना. करवत कापेना. मिस्त्री धरेना. पेन्सिल सापडेना."

रडता रडता नाक ओढलं. सूं सूं. अरेच्चा, पेन्सिलीचा वास! वास येतोय वरून. चिचुंद्री चढली मिस्त्रीच्या पायावर. पायावरून पोटावर, पोटावरून खांद्यावर, खांद्यावरून कानापाशी. कानाला झाल्या गुदगुल्या. मिस्त्रीनं मान झटकली.

टप्प! पेन्सिल पडली. कुठून? मिस्त्रीच्याच कानावरून. काखेत कळसा नि गावाला वळसा!

पेन्सिल सापडली, खूण झाली. मिस्त्रीनं करवत धरली. करवतीनं फळी कापली, खर्र खर्र. फळीला वर दोन खाचा, लांब लांब. फळीला खाली पट्ट्यांचे दोन पाय, जवळ जवळ. फळी बसली लालवर, टक्क. निळी बसली फळीवर, टक्क. मिस्त्रीनं ढकलून पाहिलं. निळी पडेना.

आणि बाळाचं दार उघडलं.

पेटीला हलायला पेन्सिल कशाला लागते, ते चिचुंद्रीला अजून कळलेलं नाही. तिला कुठला तेवढा वेळ? ती धावत आत गेली.

"आई, कुठे होतीस गं?"

"इथंच होते रे, दाराशी."

बाळानं आईची शेपटी दातात धरली. घट्ट धरली. बाळ काही सोडेना, आई काही सोडवेना, म्हणून गोष्ट काही पुढे जाईना.