प्रसादाचं कडं

“प्रसाद कुणी तपासून घेतं का गं?”

मठीतला जुना शिष्य मोरेश्वर हसत विचारत होता, पण त्याचे डोळे काही हसत नव्हते.

कावेरीनं मान वर केली नाही. तिच्या हातात बाहुलीच्या बांगडीएवढं एक चुंबकी कडं होतं. पिवळं, एका अंगाला पांढरं, भोवती तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली.

टेकडीवरच्या त्या मठीत एक रीत होती. मठीचे गुरू विसूबुवा एके काळी जहाजावरून बिनतारी संदेश पाठवायचे. आता अंगावर भगवं आलं, तरी तो नाद सुटला नव्हता. शिष्यानं आपला ट्रान्समीटर स्वतः जुळवायचा. त्यातलं कडं मात्र बुवा आपल्या डब्यातून काढून देत. ते कपाळाला लावायचं आणि तार गुंडाळायची. मग बुवा ‘जोड’ म्हणाले, की अंगणातल्या उंच बांबूवरची एरियलची तार आपल्या यंत्राला जोडायची.

कावेरीच्या घराला ना गच्ची, ना अंगण. बिनतारी संदेशाचा परवाना हातात होता, पण तिची हाक जगात जायची तर याच बांबूवरून. त्यासाठीच ती इतके दिवस टेकडी चढत होती.

“बुवा, हे कडं चालायचं नाही.”

“कुणाला बोलतेस, कळतंय का?” मोरेश्वर उसळला.

“कड्याला बोलतेय.”

पायरीवर बसलेल्या बुवांनी डोळे उघडले. “पिवळं आहे ना? पिवळं चालतं.”

“रंग बघून आंबासुद्धा घेऊ नये, बुवा. हे जुन्या कॉम्प्युटरच्या वीजपुरवठ्यातलं आहे. तिथं खपून जातं. आपल्या लहरी त्याला सोसत नाहीत. निम्मी ताकद स्वतःच खातं आणि तापतं.”

“मग टाक डब्यात… आणि बांबूला हात लावू नकोस.”

कावेरीनं ते कडं यंत्रात बसवलं. बांबूवरच्या तारेच्या जागी एक छोटा दिवा जोडून तिनं यंत्राची कळ दाबली, दाबूनच धरली. दिवा मिणमिणला. तिनं कळ सोडली.

“बोट लावा.”

“बुवांना हुकूम सोडतेस?”

बुवांनी कड्याला बोट लावलं. ते झटकन मागे आलं.

तिनं पिवळं कडं सोडवलं, पिशवीतून स्वतः गुंडाळलेलं लाल कडं काढून त्या जागी बसवलं आणि पुन्हा कळ दाबली. दिवा लख्ख पेटला.

बुवांनी आपणहून बोट लावलं. या वेळी ते तिथंच राहिलं.

…

मोरेश्वराचा आवाज खाली आला. “बुवा… माझ्या यंत्रातही पिवळंच आहे. तुम्हीच दिलेलं.”

“तुझी हाक कुठवर जाते रे?”

“सांगलीपर्यंत. हवा बरी असली तर.”

“आणि नाही गेली, की?”

“मी म्हणायचो… माझी श्रद्धा कमी पडली.”



कावेरी उठली. दिवा काढला. यंत्र उचलून थेट बांबूपाशी गेली आणि खाली लोंबणारं तारेचं टोक हातात घेतलं.

“बुवा, तुम्ही ‘जोड’ म्हणाला नाहीत!” मोरेश्वर धडपडत उभा राहिला. “अडवू तिला?”

बुवा भाजलेल्या बोटावर फुंकर घालत होते.

“अडवायचंच होतं, तर पिवळं कडं देताना मला अडवायचं होतंस.”