एकादशीचा समुद्र

"उद्या दरबारात समुद्र आणून दाखव! तोही पाण्याच्या एका थेंबाशिवाय! नाही जमलं, तर तुझ्या बापाचं मिठागर आमचं!" विश्वसेन राजा पोशीला म्हणाला आणि मिशीतल्या मिशीत हसला.

राजाला मिठागराच्या जागी नौकाविहाराचं तळं हवं होतं. पोशीचा बाप, कमळू आगरी, जागा सोडेना. त्याची चूल त्या मिठावरच पेटायची. पण राजहट्टापुढे कुणाचं काय चालणार! कमळूने कपाळाला हात लावला. पोशी मात्र बोटांवर तिथी मोजत होती.

"उद्या नको म्हाराज, परवा आनते."

"परवा तर परवा! पण कोरडा हं!"

परवा होती एकादशी. राजाची म्हणजे 'एकादशी अन् दुप्पट खाशी'! त्यामुळे वरीच्या भाताचं ताट दरबारातच मांडलं होतं. पोशीने त्याच्या शेजारी मिठाची पाटी ठेवली.

"ह्यो घ्या समुद्र! पानी सगला उन्हानं पिला."

"हे तर मीठ! याला समुद्र कोण म्हणेल?"

"समुद्र नाय? मंग घाला की चिमूटभर वरीत!"

राजाने ताट झटकन ओढून घेतलं. "अगं, आज समुद्र पोटात गेला तर उपवास मोडेल!"

बोलला आणि त्याने जीभ चावली. मानकऱ्यांनी तोंडाला उपरणी लावली.

पण इतक्यात हरेल तो राजा कसला! त्याने ताटातला उपवासाला चालणारा सैंधवाचा खडा उचलला. "हेही मीठच! आणि हे तर डोंगरातून खणून काढतात. मग डोंगरात काय समुद्र असतो?"

"व्हता की!" पोशीने मुदपाकखान्यातून बत्ता मागवून खडा फोडला. आत चौकोनी कण निघाले. तिने पाटीतलं मीठ शेजारी ठेवलं, तेही चौकोनीच! "तिथला समुद्र कवाच उन्हानं आटला, वर माती बसली, मातीचा डोंगर झाला. त्या आगराला आगरी नव्हता, येवढाच काय तो फरक."

राजाचा घास हातातच राहिला. "म्हणजे आमच्या आजवरच्या सगळ्या एकादशा मोडल्या?"

"नाय म्हाराज! तुमी निदान वरी तरी खाता. त्या म्हाताऱ्या समुद्रानं तर पान्याचा थेंबपन सोडलाय. त्याच्यावानी उपास कुनाचा?"

राजा इतका हसला, की वरी शेल्यावर सांडली! मिठागर कमळूच्या घराण्याला कायमचं मिळालं. त्याच दिवसापासून राजाच्या मुदपाकखान्यात पोशीच्याच आगरातलं मीठ जाऊ लागलं. फक्त एकादशीला तेवढं नाही!