झिपरीची हाक

फार जुन्या काळी, डोंगराच्या पोटातल्या एका गुहेत वटवाघळं राहत. गुहेची वळणं डोक्यात ठेवून, तोंडातून आवाज न काढता जे पिल्लू बाहेर पडेल, त्यालाच थव्याबरोबर खायला जाता येई.

झिपरीच्या डोक्यात वळणं राहतच नसत. ती जागोजागी हाक मारी आणि भिंतीवरून परतलेला आवाज ऐकून वळे.

"घरातल्या घरात हरवते ही!" बाकीची पिल्लं खिदळत.

परीक्षेच्या दिवशी आत कुठेतरी दरड कोसळली. "वाट पाठ आहे ना? मग निघा," गुरुजी म्हणाले. पिल्लं एकेक करून मुकाट अंधारात शिरली. दर वेळी लांबून धप्प असा आवाज येई. पिल्लू बाहेर जाऊन टेकलं, असं समजून गुरुजी म्हणत, "पास."

शेवटी झिपरी निघाली.

"आवाज काढलास तर उपाशी राहशील हं," गुरुजींनी बजावलं.

मधल्या वळणाशी ती घुटमळली. पोटात भूक होती, पण अंधार नेहमीचा वाटेना. तिने हाक मारली. रोज लांबून परतणारा आवाज आज थेट तिच्या तोंडावर आपटला. समोर दगडांचा ढीग होता.

"नापास!" मागून गुरुजी ओरडले.

तेवढ्यात खालून, दगडांच्या फटींतून, पास झालेल्यांचे बारीक आवाज आले, "झिपरे, गप्प बसू नकोस गं. आणखी एकदा हाक मार."