साळिंदराचा हिशेब आणि इंद्रवज्र

सह्याद्रीच्या एका उंच कड्याखाली, दाट रानात एक साळिंदर राहत असे. त्याला हिशेबाचे भारी वेड! स्वतःचे गळलेले काटे जमिनीवर मांडून ते काहीही मोजून दाखवी. आज आपल्याला शिंक येईल की नाही, हेसुद्धा. त्याच्या शेजारी एक म्हातारी कासवीण होती. पावसाळा सरता सरता कड्यावरून कधीतरी इंद्रवज्र दिसते, म्हणजे खालच्या धुक्यात उमटलेले पुरते गोल इंद्रधनुष्य. ते एकदा डोळे भरून पाहावे, एवढीच तिची इच्छा होती. पण तिची नजर आता अधू होऊ लागली होती.

"थांबा आजी, आधी हिशेब करू," साळिंदर म्हणाले. "दरीत धुके दोन दिवसांतून एकदा. त्यात पाठीमागून ऊन पडणार तीन वेळांत एकदा. वारा ते धुके टिकू देणार पाच वेळांत एकदा. म्हणजे तीस सकाळींत एक! उगाच पाय कशाला झिजवता?" मुलांनो, साळिंदराला आजीची खरोखरच काळजी होती बरे का! म्हणून ते रोज काटे मांडी, रोज उत्तर तीसच येई, आणि रोज ते म्हणे, "आज नको, उद्या पाहू." असे करता करता दोन पावसाळे निघून गेले.

तिसऱ्या पावसाळ्याच्या अखेरीस कासवीण म्हणाली, "अरे, तिसात एक हा हिशेब कड्यावर जाणाऱ्याचा झाला. इथे खाली बसणाऱ्याचा किती रे?"

साळिंदराने काटे मांडले, उचलले, पुन्हा मांडले. मग मान खाली घालून ते म्हणाले, "शून्य, आजी."

"मग चल तर!"

दुसऱ्या दिवसापासून दोघे रोज पहाटे चढू लागले. अकरा सकाळी हात हलवत परतले. बाराव्या सकाळी मात्र दरी धुक्याने भरली, पाठीवर ऊन आले आणि वाराही पडला. "आजी, आले! ते पाहा!" साळिंदर ओरडले.

कासविणीने मान ताणली. "उजेडाचे कडे तेवढे दिसते रे. रंग काही कळत नाहीत. मधे काळे काय आहे?"

"आपल्या दोघांची सावली." साळिंदराला रडू कोसळले. दोन वर्षांपूर्वी आजीच्या याच अधू डोळ्यांना रंग तरी दिसत होते.

"रडतोस काय वेड्या? मोजायची आवड ना तुला? मग रंग मोज," ती हसून म्हणाली. आणि साळिंदर डोळे पुसत, बाहेरच्या तांबड्यापासून एकेक रंग आजीला मोजून सांगू लागले.

तात्पर्य : शक्यता कितीही थोडी असो, घरी बसणाऱ्यासाठी ती शून्यच असते; म्हणून आधी निघावे, हिशेब वाटेत करावा.