रंगी मघाशीच आत गेली

माणसांनी दारांना कड्या लावायला सुरुवात केली, त्याच्याही कितीतरी आधीची ही गोष्ट. एका बाभळीखाली मुंग्यांचं वारूळ होतं. दारावर भागा पहारा द्यायची. येणाऱ्या प्रत्येकीला मिशा लावून हुंगायची आणि वास जुळला की आत सोडायची. काही विचारायची पद्धतच नव्हती. "जीभ खोटं बोलेल, वास नाही बोलणार," असं ती तोऱ्यात सांगे.

रंगी त्या वारुळातली पिल्लांना भरवणारी मुंगी. एकदा दाणा घेऊन परतताना एका किड्याने तिला वाटेत गाठलं. तिला अंगभर घासून त्याने तिचा वास आपल्या पाठीला चोळून घेतला, तिला डबक्यात लोटलं आणि तो वारुळाकडे पळाला.

रंगी कशीबशी काठाला लागली. धडपडत दाराशी आली, तर भागाने तिला अडवलं.

"कोण गं तू? तुला आपला वासच नाही."

"अगं भागे, मी रंगी! आपण एकाच कोपऱ्यात वाढलो ना?"

"रंगी मघाशीच आत गेली."

"तो किडा आहे गं! आत जाऊन एकदा डोळ्यांनी बघ तरी."

"आणि दार उघडं टाकू? तुझ्यासारख्या भामटीला शिरायला?"

रंगीने तिचे पाय धरले. तेवढ्यात आतून पिल्लांचा एकच कालवा उठला.

"ऐकलंस?" भागा कौतुकाने म्हणाली. "रंगी भरवायला बसली वाटतं."