शेवाळ म्हणून ठेवलेलं झुडूप

"पण सर, चूक कळल्यावरही ती कागदावर तशीच ठेवायची?"

शर्वाणीच्या एका हातात पातळ सुरी होती, दुसऱ्या हातात कापसाचा ओला बोळा. समोर जाड कागदावर दोऱ्यानं शिवलेली एक वाळकी काडी आणि कोपऱ्यात मिराशी सरांच्या हातचं लेबल.

निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी कॉलेजातल्या वाळवलेल्या झाडांच्या या खोलीत सर रोज येऊन बसत. शर्वाणी त्यांची लाडकी विद्यार्थिनी. उत्तर ध्रुवाकडच्या याच झुडपावर नुकतीच डॉक्टरेट मिळवून आली होती, आणि खरं सांगायचं तर बाईंना स्वर्ग दोन बोटं उरला होता.

"उद्या परदेशी पाहुणे येणार, सर. तुम्ही लिहिलंय कॅसिओपी. त्या गटातून याला कधीच बाहेर काढलंय. याची पानं चार रांगांत बसत नाहीत, फूल फांदीच्या टोकाला येतं. आता याला हॅरिमनेला म्हणतात."

"असं?"

"लोक तुम्हाला हसतील हो! मला नाही बघवणार ते."

"बरं. काढ."

सर इतक्या पटकन हो म्हणतील असं तिला वाटलं नव्हतं. मग दुसरी तक्रारही तिनं करून टाकली.

"आणि हे काय, 'स्थळ अज्ञात'? ग्रीनलंड, आइसलंड, नॉर्वे, रशियाचं उत्तर टोक... हे झुडूप मुळात कुठं कुठं उगवतं त्याचा अख्खा नकाशा केलाय मी. ही एवढी काडीच बेवारस. आम्ही गाव लिहायला विसरलो की कागद भिरकावून द्यायचात तुम्ही!"

सरांनी कागद तिच्याकडे सरकवला.

"सांगा ना. का नाही लिहिलंत?"

"आधी काढ तर."

तिनं बोळा फिरवला, सुरीचं टोक सरकवलं. लेबलाचा कोपरा सुटला. खालचा कागद खरवडलेला होता, त्यावर जुन्या डिंकाचा तपकिरी डाग.

"इथं आधी काहीतरी होतं, सर."

"होतं. कशाळीकर मास्तरांचं लेबल. माझे गुरू. त्यांनी 'शेवाळ' लिहिलं होतं."

शर्वाणीला फिसकन हसू आलं.

"मीही अस्साच हसलो. तेवीस वर्षांचा होतो. फांदीच्या टोकाला पानांत दडलेली इवलीशी पांढरी घंटा मला सापडली. भर वर्गात म्हणालो, मास्तर, शेवाळाला कधीपासून फुलं यायला लागली? आणि त्यांच्यासमोरच लेबल खरवडून काढलं."

"मास्तर काय म्हणाले?"

"शाबास म्हणाले..."

सरांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसत बसले.

"गाव त्याच लेबलावर होतं, शर्वाणी. आठवड्यानं ध्यानात आलं माझ्या. तोवर खोलीचा केर काढून झाला होता."

"मग मास्तरांना विचारायचं ना!"

"कुठल्या तोंडानं विचारणार?... आणि मग ते गेलेच."

शर्वाणीचे कान तापले. आपण सरांची लाज झाकायला आलो होतो, असं तिला सकाळपासून वाटत होतं. आता तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिनं सुरी मिटली. सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबून धरला, चिकटेपर्यंत धरला.

मग तिनं नवी चिठ्ठी घेतली. झुडपाचं नवं नाव लिहिलं, खाली आपलं नाव, तारीख. कागदावर जेवढी कोरी जागा उरली होती, तिच्या अगदी मधोमध चिठ्ठी ठेवली.

"इथं चिकटवू, सर?"

सरांनी चष्मा चढवला. चिठ्ठीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग एका बोटानं चिठ्ठी हळूच ढकलत आपल्या लेबलाशेजारी नेली.

"अशी वर घे जरा. खाली पुढच्याला जागा लागेल."